न हलवलेली होडी

वेळ देऊन न येणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो. त्यामुळे कमळाकर त्या सोमवारी स्कॅनला आला नाही तेव्हा मला काळजी वगैरे काही वाटली नाही. संताप आला.

माझं काम थोडक्यात सांगते. शरीरात काही पेशी अशा असतात की त्या मज्जातंतूंसारखे संदेश घेतात आणि ग्रंथींसारखी संप्रेरकंही सोडतात. त्यांच्या गाठी झाल्या की त्यांना न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात. या गाठी संथ वाढतात आणि वर्षानुवर्षं लपून राहतात. त्यांच्या अंगावर एक विशिष्ट खाच असते. त्या खाचेत नेमका बसेल असा रेणू आम्ही बनवतो, त्याला ल्युटेशियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य जोडतो आणि शिरेतून सोडून देतो. रेणू रक्तातून हिंडत गाठ शोधून काढतो, तिला चिकटतो आणि जवळून जाळतो. पनवेलजवळच्या आमच्या केंद्रात मी हे रेणू बनवते, आणि गेली कितीतरी वर्षं माझा एकच हट्ट आहे: गाठीत जास्त दिवस टिकून राहील असा रेणू. लोक मला डॉक्टरीणबाई म्हणतात. मी रसायनशास्त्राची डॉक्टर आहे, नाडी बघणारी नाही, हे सांगून सांगून मी थकले.

कमळाकर माझ्या अभ्यासातला रुग्ण होता आणि खरं सांगायचं तर लाडका होता. त्याच्या यकृतातल्या गाठींनी माझा रेणू असा काही धरून ठेवला होता की पहिल्या दोन स्कॅनमध्ये त्याचं पोट देवघरातल्या समईसारखं उजळलेलं दिसत होतं. तिसरं स्कॅन झालं की माझं म्हणणं सिद्ध होणार होतं. आणि हा गृहस्थ आलाच नाही. फोनही बंद.

तो उलव्याकडच्या खाडीवरचा कोळी, साठीला आलेला. आजार ओळखायलाच त्याची पाच-सहा वर्षं गेली होती. गाठीतून रसायनं सुटली की त्याचा चेहरा एकदम लालबुंद व्हायचा, पोट बिघडायचं. गावाने ठरवून टाकलं की नाखवा चोरून पितो. होडीचा मालक म्हणून सगळे त्याला नाखवाच म्हणायचे. आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस, पण त्याने कुणाशी वाद घातला नाही.

औषध दिल्यानंतर त्याला एक दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. मी दारातून सर्व्हे मीटर घेऊन त्याचे किरण मोजायला गेले, तसं ते यंत्र जोरजोरात टकटकायला लागलं. कमळाकर उठून बसला आणि कान देऊन ऐकू लागला.

"ह्यो आवाज माजाच ना?"

"तुमच्या पोटातल्या औषधाचा."

"मी झोपलो तरी चालू ऱ्हाईल?"

"राहील."

"आनि मेलो तरी?"

असले प्रश्न मला आवडत नाहीत. मी म्हटलं, "तुम्ही श्वास घेता की नाही याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही, कमळाकरभाऊ. ते दर आठवड्याला साधारण निम्मं होत जातं, एवढंच."

तो चक्क खूश झाला. "मंग बरा हाय. माजा धाकटा भाऊ पान्यात जेला, तवा आमी महिनाभर शोदला. नाय गावला. पान्यात जेलेला मानूस गप असतो, हीच पंचाईत हाय."

घरी जाताना मी त्याला नेहमीचे नियम सांगितले. काही दिवस माणसांपासून दोन हात लांब, झोपायचं वेगळं, आणि गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्यांच्या जवळपाससुद्धा फिरकायचं नाही. त्याची सून समृद्धी पोटुशी होती. तो म्हणाला, घर लहान आहे, पण मी बघतो काय करायचं ते. मला वाटलं, भावाच्या घरी जाऊन राहील. भाऊ तर त्याला उरलाच नव्हता, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मंगळवारी मी गाडी काढली. विमानतळाचा भराव, डंपर, अर्धवट इमारतींच्या रांगा हे सगळं मागे पडलं की रस्ता अचानक संपतो आणि तिवरं सुरू होतात. तिथेच त्यांची वस्ती. दारात एक बाई सुकट निवडत बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. ही कृष्णाबाई, कमळाकरची बायको. दवाखान्यात मी तिला एकदा पाहिलं होतं.

मी उभ्या उभ्याच सुरुवात केली. औषधाची किंमत काय, माणसाने शब्द दिला की पाळायला नको का, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते नाय हायत, बाय. शुक्रवारपासून नाय हायत."

मी तिच्यासमोर खाली बसले.

तिचा मुलगा मिथुन बंदरात कंटेनरच्या यार्डात कामाला होता. त्याने बाहेर येऊन मला सांगितलं ते असं. सुनेला त्रास नको म्हणून कमळाकर त्याच्या जुन्या लाकडी होडीवर राहायला गेला होता. जेवणाचा डबा धक्क्यावर ठेवायचा आणि लांब व्हायचं, मग तो येऊन घेऊन जायचा. शुक्रवारी दुपारचा डबा तसाच राहिला. होडी जागेवर, चादर, चपला होडीत, माणूस नाही. पोलिसांत तक्रार दिली होती. गावातल्या होड्यांनी खाडी पालथी घातली होती. कुणी म्हणालं ओहोटीने बाहेर नेला, कुणी म्हणालं दुखणं सोसेना म्हणून कुठेतरी निघून गेला.

"माजी जाव," कृष्णाबाई मला म्हणाली, "यांच्या भावाची बायको. तो पान्यात जेला तवापासून रोज कुंकू लावून दारात बसाची. वीस वरसा. तशीच मेली बिचारी, रस्ता बघत. मना तसा मरायचा नाय, बाय. हाय का नाय, एवडाच कलला पायजे मना."

मला तिच्याकडे बघवेना. आणि त्याच क्षणी, लाज वाटावी इतक्या चटकन, माझं डोकं हिशेब करू लागलं. त्याच्या गाठी औषध सोडत नव्हत्या. म्हणजे तो जिथे कुठे आहे तिथे, जिवंत किंवा मेलेला, त्याच्या पोटातून अजून किरण निघत होते. आज भरपूर, पुढच्या आठवड्यात निम्मे, मग त्याच्या निम्मे, मग काही नाही. शोधायचं असेल तर आत्ताच.

"मीटर गाडीत आहे," मी म्हटलं.

ओहोटी होती. धक्क्यापासून थोड्या अंतरावर चिखलात कमळाकरची होडी एका कुशीवर कलंडून बसली होती. तिच्यापर्यंत जायला मिथुनने फळ्या टाकल्या. चिखल असा की फळी सोडली तर मांडीपर्यंत पाय आत. होडीच्या काठाशी पोहोचले आणि मीटर बोलू लागलं. फार जोरात नाही, पण नेहमीच्यापेक्षा नक्कीच जास्त. मी चादर उचलून बाजूला धरली, आवाज तेवढाच. फळ्यांवरून यंत्र फिरवलं, तेवढाच.

मला उत्तर तयार होतं. हे औषध लघवीतून, घामातून उतरतं. माणूस होडीवर राहिला, सगळं होडीतच उरकलं, तेव्हा लाकडात मुरलं असणार. "या होडीला कुणी हात लावायचा नाही," मी मिथुनला बजावलं. "समृद्धीला तर इकडे फिरकू देऊ नका."

"हात तसाही लावीत नाय आमी," तो म्हणाला.

मग कळलं की त्यांच्यात रिवाजच आहे. नाखवा बेपत्ता असला की त्याची होडी जागची हलवत नाहीत. परत आला तर सोडली तिथेच ती त्याला मिळाली पाहिजे. हलवली तर तो वाट चुकतो म्हणतात. ज्या दिवशी घरची बाई आपल्या हाताने होडीचा दोर सोडते, त्या दिवशी तो गेला असं सगळी वस्ती धरते. म्हणजे त्यांचा रिवाज आणि माझा नियम एकाच गोष्टीवर येऊन थांबले होते. मला बरंच वाटलं, उगाच समजूत घालत बसायला लागलं नाही.

शोधाला आम्ही मिथुनची फायबरची होडी घेतली, स्वच्छ. कृष्णाबाई पुढे बसली, मी मध्ये मीटर घेऊन. पाणी नुकतं चढायला लागलं होतं, तरी दोन्ही बाजूंनी चिखलाचे उघडे काठ होते आणि त्यावर लाल खेकडे एक नांगी वर करून उभे होते, आम्ही जवळ गेलो की सगळे एकदम बिळात. भर दुपार, ऊन मी म्हणत होतं. तिवरांत एखादा चोळा, म्हणजे खाडीचा अरुंद फाटा, आत शिरलेला दिसला की मिथुन इंजिन बंद करायचा आणि कृष्णाबाई तोंडाशी हात धरून हाक मारायची. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. ती नुसतीच ओरडायची, "अवोऽऽ"

मग आम्ही गप्प बसायचो. तिवरांच्या मुळ्यांतून पाणी बुळबुळ करत आत जात असायचं. आणि माझ्या मांडीवरचं मीटर, कधी एकदा, कधी दोनदा, टक्.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती वळली. "बोलले."

"नाही, कृष्णाबाई. एवढं सगळीकडेच असतं. मातीत असतं, आकाशातून येतं. ते कुणाचं नसतं."

"कुनाचा कसा नसंल," ती म्हणाली. "या खाडीत लय लोक हायत."

पुढच्या चोळ्यात तिने पुन्हा हाक मारली. मी मनात म्हटलं, आता वाजू नको. ते वाजलं. एकदाच. डोक्यावरून एक विमान इतकं खालून गेलं की चाकं दिसली. त्याचा आवाज विरला तेव्हा मला कळलं की मी मीटर छातीशी घट्ट धरून बसले आहे आणि आवाज पदराने दाबायचा प्रयत्न करते आहे. मी, जिने तीस वर्षं हा आवाज रोज ऐकला. मला भुतांची भीती नाही, बेजबाबदार माणसांची आहे, असं मी प्रयोगशाळेत पोरांना ऐकवत असते. त्या दुपारी मला भीती वाटत होती आणि ती कशाची होती हे मला सांगता येत नव्हतं.

सगळे चोळे झाले. कुठेही काही नाही. परतलो तेव्हा भरती पूर्ण झाली होती आणि धक्क्याच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. कमळाकरची होडी आता सरळ होऊन पाण्यावर हलत होती. दोर तसाच, खुंट तसाच. मला ती धुऊन घ्यायची व्यवस्था करायची होती, म्हणून पुन्हा एकदा मोजावं असं वाटलं. मिथुनने आपली होडी तिला भिडवली, मी यंत्र तिच्या फळ्यांवर धरलं.

टक्. बऱ्याच वेळाने, टक्.

सकाळी इथेच ते सलग बोलत होतं. मला वाटलं बॅटरी गेली. तपासणीसाठी आमच्याकडे एक छोटी किरणोत्सारी चकती असते, ती समोर धरली. मीटर खणखणीत वाजलं. चकती बाजूला केली, पुन्हा गप्प. मी होडीत उतरले, गुडघ्यांवर बसून तळाच्या फळीला यंत्र टेकवलं. गप्प.

लाकडात मुरलेलं औषध चार-पाच तासांत जात नाही. आणि लाकडाला भरती-ओहोटी कळत नाही.

हे किरण पाण्याने अडतात. हातभर पाणी मध्ये आलं की संपलं. म्हणूनच तर आम्ही कितीतरी गोष्टी पाण्याखाली ठेवतो. सकाळी पाणी नव्हतं. आता दोन पुरुष खोल पाणी होतं, आणि होडी त्याच्यावर तरंगत होती.

"काय झाला, बाय?" कृष्णाबाईने विचारलं.

"यंत्र तापलंय," मी म्हटलं. "उद्या ओहोटीला येते."

रात्रीही एक ओहोटी होणार होती. रोडपालीच्या माझ्या घरात मला ती कळत होती, एवढंच सांगते.

बुधवारी मी लवकर गेले. मिथुनला बाजूला घेऊन सांगितलं. तो खाली बसला. त्याने पोलिसांना फोन केला, वस्तीतल्या चार माणसांना फावडी आणि फळ्या घेऊन बोलावलं. पण होडी हलवायला कुणी तयार होईना. दोर सोडायचा हक्क कृष्णाबाईचा, आणि तिला काय सांगायचं, आणि चुकलं तर? दोर एकदा सोडला की तो मेला. उद्या तो दारात उभा राहिला तर वस्ती त्याला काय म्हणून घरात घेईल?

तेव्हा मी तिला म्हटलं, "माझ्याबरोबर होडीत बसता का? पाणी उतरेपर्यंत."

तिने का म्हणून विचारलं नाही.

आम्ही दोघी कमळाकरच्या होडीत समोरासमोर बसलो. मीटर मध्ये, तळाच्या फळीवर. पाणी उतरत होतं ते आधी दिसतच नव्हतं. फक्त धक्क्याची एकेक पायरी ओली होऊन वर येत होती. यंत्र गप्प होतं. कृष्णाबाई त्याच्याकडे बघत होती. काठावर माणसं उभी होती. समृद्धी, आठवा महिना लागलेली, सर्वांच्या मागे, सांगितल्यासारखी लांब.

तळ चिखलाला लागला तेव्हा होडीला एक हलका धक्का बसला. मग ती हळूहळू एका कुशीवर कलू लागली, आणि आम्ही दोघीही तिच्याबरोबर.

टक्.

बरंच काही नाही. मग टक्, टक्. मग जरा घाईने. भोवतीचं पाणी चिखलातल्या घळीतून निसटून चाललं होतं आणि जितकं ते जाईल तितकं हे वाढत होतं. एकदाही मागे आलं नाही. मला ते का होतंय हे इतकं नीट माहीत होतं की फळ्यावर लिहून दाखवलं असतं. तरीही खालून कुणीतरी वर येत असावं असा तो आवाज होता.

"काल हतंच होते?" तिने विचारलं.

"हो."

"आनि आपुन तिकडं हाका मारीत हिंडलो."

ती कलत्या फळीवर हात टेकून वाकली आणि तोंड लाकडाजवळ नेलं. काल खाडीभर मारलेली हाक तिने आता अगदी हळू मारली, झोपलेल्या माणसाला उठवावं तशी.

"अवो."

नेमकी तेव्हाच होडीच्या पोटाखालची शेवटची ओल निघून गेली असणार. कारण ते आहे, दुसरं नाही. मीटरचे वेगवेगळे ठोके संपले आणि सलग कडकड सुरू झाली. काठावरच्या माणसांनी ती ऐकली. मिथुनने तोंड फिरवलं.

कृष्णाबाई उठली. होडी कललेली, तरी ती न धडपडता नाळेकडे, होडीच्या पुढच्या टोकाकडे, गेली. दोराची गाठ भरतीने आणि मिठाने आवळली होती. तिने ती दातांनी सैल केली आणि बोटांनी सोडवली. मग दोराचं टोक चिखलात टाकून दिलं.

"हलवा," ती म्हणाली.

होडी उलट्या कुशीवर कलंडवायला सहा माणसं लागली. तो फार खोल नव्हता. ओहोटीच्या वेळी तळाचं शेवाळ आणि कालवं खरवडायला उतरला होता. हातात खरवडणी तशीच होती. होडी त्याच्या अंगावर कलली असणार, चिखलाने त्याला धरून ठेवलं, आणि पुढची प्रत्येक ओहोटी त्याच्यावर होडी आणून बसवत राहिली. पाच दिवस कुणी ती जागची हलवली नाही. तो परत यावा म्हणून त्यांनी, आणि लाकूड घाण झालंय म्हणून मी.

पोलीस आले. त्यांना मी सांगितलं, हातमोजे घाला, काम झालं की लांब व्हा, बाकी घाबरायचं कारण नाही. चिखल धुऊन त्याला फळीवर ठेवलं. चेहऱ्यावरचा तो लाल रंग गेला होता. एवढी वर्षं ज्याच्यावरून लोक त्याला बोलले, तो रंग.

कृष्णाबाई फळीपासून दोन हातांवर येऊन थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं.

"मी किती लांब उभी ऱ्हाऊ, बाय?"

तिने तो नियम पाळला होता. धक्क्यावर डबा ठेवून मागे सरकणारी तीच होती. त्याच्या शेवटच्या दिवसांत तिने त्याला धक्क्याच्या या टोकावरून त्या टोकाला पाहिलं होतं, मी सांगितलं म्हणून. "तुम्हाला लांब राहायची गरज नाही," मी म्हटलं. "जा तुम्ही."

ती गेली आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बसली. मीटर माझ्या हातात अजून कडकडत होतं. मी बटणाकडे बोट नेलं.

"बंद करू नका," ती वर न बघता म्हणाली. "जरा बोलू दे त्यांना."

मी यंत्र तिच्या बाजूला जमिनीवर ठेवलं. माझ्या अभ्यासात कमळाकरचं तिसरं स्कॅन नाही. त्या दुपारी मीटरवर आकडा दिसत होता, आणि मी तो वाचला नाही.